परत गेलेली उशी

बावडा, ता. इंदापूर
१४ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. इकडं ऊसतोड चालू आहे, हे दिवसभर फडात असतात. फोनवर नेमक्या बोलण्याला तुझी रेंज जाते, म्हणून लिहायला बसले.

सोनमच्या बाळाच्या बारशाला मी येणार का, असं विचारलंस. त्यापुढं यांना काय सांगितलंस, तेही कळलं. त्याकडं येते.

तुझ्या लेकीला मुलगा झाला याचा मला आनंद आहे. खरंच आहे. मागच्या आठवड्यात झबलं घ्यायला मी इंदापूरला गेले, तर दुकानात मुबशिरा सिस्टर भेटल्या. बारामतीच्या दवाखान्यात माझ्या मुलीला सांभाळायच्या, त्याच. म्हणाल्या, “ताई, राग मानू नका. पोरीला तुमी एकदाबी मांडीवर घेतलं न्हाय, ते माझ्या मनाला लई लागलं.”

मी म्हटलं, “घेता येत होतं?”

“व्हय की! पोटावर दाब पडू नये म्हणून उशी लावतो, नळ्या आमी धरतो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तुमच्या अक्का म्हणाल्या, तिला भ्या वाटतंय, आग्रह करू नका.”

झबलं तिथंच ठेवून मी घरी आले.

ती उशी मी पाहिली होती, अक्का. सिस्टर घेऊन येत होत्या, तू त्यांना दाराशीच गाठलंस आणि त्या परत गेल्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी असेल.

बेंबीच्या जागी तिचं पोट उघडं होतं, आतडी पातळ पडद्याच्या पिशवीत बाहेर. श्वास सुधारला की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मी हात पुढं केला की तू म्हणायचीस, “नगं बाई. डॉक्टर न्हाय म्हणत्यात. पिशवी फाटली तर जन्माचं लागंल तुला.” आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तू नको म्हटलंस की माझा हात आपोआप मागं येतो. मी काचेच्या पेटीशी उभी राहायचे, दुधानं पोलकं भिजायचं, आणि तिथल्या सगळ्याजणींना वाटत होतं, ही बाई स्वतःच्या लेकराला भिते.

ती श्वासानंच गेली, ऑपरेशनच्या आधी. पिशवी शेवटपर्यंत धड होती. तेव्हाही तिला गुंडाळून तू दाजींच्या हातात दिलंस.

दुकानातून आल्यावर मी फोन केला, तर म्हणालीस, “माया लागू नये म्हणून केलं गं. जगायची न्हवती ती.” आणि लगेच, “रेंज न्हाय.” जगायची नव्हती, हे कुणी सांगितलं तुला? डॉक्टर तर तयारीत होते. आणि माया? बेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले, भावकीतल्या बायका हसल्या, “नातू खेळवायच्या वयात पाळणा!” तेव्हापासून मी तिच्याशी बोलत होते. तू कसली थांबवणार होतीस?

आता यांना सांगितलंस, “तिला आणा, पण पाळण्यापाशी नगं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करताना पोर तिच्या हातात गेलं तर बाया नावं ठेवतील.” हे म्हणाले, “मोठी हाय ती, जाऊ दे.” यांचं जाऊ शकतं. माझं जात नाही.

मी येणार नाही.

सोनम विचारेल, मावशी का आली नाही. बायकाही विचारतील. या वेळी माझ्या नावावर भीती सांगू नकोस. मला तेव्हा भीती वाटत नव्हती, आजही वाटत नाही. चारचौघींत तुझ्या तोंडानं सांग, “तिला पोरीला मांडीवर घ्यायचं होतं, मीच नगं म्हणाले.”

तेवढं तुझ्या तोंडून निघालं, तर मला कळव. तोवर फोन करू नकोस.

तुझ्या पाठची,
स्वरूपा