खाली उभी असलेली माणसं

आबा,

आज हडपसरच्या आमच्या कारखान्यातून एक टाकी रवाना झाली. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली बसवायची आणि वणव्याच्या वाटेवर औषध टाकायची. औषध म्हणजे खताचे क्षार मिसळून डिंकानं दाट केलेलं लाल पाणी. ते गवताला चिकटलं की आग पुढे सरकायची थांबते. तुम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपून करायचात, तेच काम.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी अशाच टाकीचं चित्र काढलं होतं. आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे दिसतं. तुम्ही डोंगरावरचा वणवा विझवून आलाय, भुवया जळल्यात, आई तुमच्या हातांना खोबरेल लावतेय. मी कागद पुढे धरते. झाकण उघडलं की सगळं पाणी एका दमात खाली. तुम्ही बराच वेळ बघता. "खाली आमी असतो. आमचं काय?"

"तुम्ही बाजूला व्हायचं."

"धुरात बाजू दिसती व्हय?"

मला राग आला. एक वनरक्षक मला शिकवणार! कागद उचलून मी आत गेले. त्याच वर्षी छातीच्या दुखण्यानं तुम्ही गेलात आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात पहिली चाचणी झाली. कुठे किती औषध पडतं ते मोजायला माळावर ओळीनं पेले मांडले होते. मधोमध मी माणसाच्या उंचीचं एक बुजगावणं उभं करवलं. हेलिकॉप्टर अगदी खालून गेलं. पेले भरले, पण बुजगावणं बांबू मोडून दहा हात लांब पडलं.

"उत्तम," कारखान्याचे साहेब म्हणाले. "पाठवून द्या."

"सर, ते बुजगावणं..."

"मॅडम, आपण आग विझवतोय. बुजगावण्याला आंघोळ नाही घालत."

"उंचावरून टाकलं तर वाऱ्यानं उडतं, म्हणून वैमानिक खाली येणारच. तिथे माणसं असतात. मी सही करणार नाही."

काम अडलं. कित्येक महिने माझ्याशी कोणी धड बोललं नाही. एका झाकणाच्या जागी मी उंचीप्रमाणे हळूहळू उघडणाऱ्या दोन झडपा बसवल्या. दुसऱ्या चाचणीत औषध पडद्यासारखं सावकाश उतरलं. चिंध्यांचा तो माणूस नखशिखांत लाल होऊन जागच्या जागी उभा होता. मी त्याच्या ओल्या बाहीवरून हात फिरवला.

आज पेढा पुढे करत साहेबांनी विचारलं, "हे डोक्यात आलं कुठून? वडील काय करायचे तुमचे?"

"सरकारी नोकरीत होते," मी म्हणाले.

कॉलेजपासून सगळ्यांना एवढंच सांगत आलेय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मला लाज वाटायची, आबा. आता वाटत नाही. तरी आज तोंडात तेच आलं.