जावयाने सासूचा कान बघायचा नसतो

जावईबापू सिताती यांस,

हे पत्र मी पाठवणार नाही. सासूने जावयाला आपलं दुखणं लिहिलेलं आमच्या बुंगोमा भागात कुणी ऐकलेलं नाही. आपण हात मिळवत नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही, एका ताटाशी बसून मक्याच्या पिठाची उगाली खात नाही.

सहा आठवडे माझा डावा कान दुखतोय. खाजत होता म्हणून मी तो कोमट पाण्याने धुतला, तेही बारा वर्षांपासून डायबेटिस असताना. मग पू आला. दुकानातले थेंब घातले, काही फरक नाही. आता घास चावला तरी ठणका पार कवटीत जातो.

तुमची बायको म्हणाली, "आई, घरात कानाचा डॉक्टर असताना दुकानात काय जातेस? ते म्हणतात, साखरवाल्या म्हाताऱ्यांच्या कानातला रोग कवटीच्या तळच्या हाडात उतरतो. मग चेहऱ्याची नस जाते."

मी खेकसले, "जावयाने सासूचा कान धरायचा? गाव हसेल, नांजाला!" आणि तुम्हाला काही सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातली.

आज सकाळी चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला. आरशात बघितलं, तर डावा गाल लोंबत होता. बापू, मला फार भीती वाटतेय.

म्हणून आत्ताच निघतेय. तुम्ही फक्त कान बघा, तोंडाकडे बघू नका. मी डोळे मिटून बसेन, असं लिहिणार होते; पण डावा डोळा आता मिटतच नाही.

तुमच्या दाराशी येणारी,
नामाल्वा