तुमच्या दारातला उतार

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार. (‘आदरणीय’ सवयीने लिहिलं गेलं, खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू देतो.) तुमची प्रकृती उत्तम असणारच. ती गाडी ज्याच्या दारातून हलली त्याला न सुधारायला काय झालं? ताईंना नमस्कार, त्यांचा यात काही दोष नाही. आमच्याकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे, पण इथे कोणीही खुशाल नाही. तुमची मेहुणी, म्हणजे माझी बायको, माझ्याशी बोलत नाही. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली छोटी लाल गाडी विकून मी तुमचं हे धूड दारात आणलं. लाल गाडी अजून चौकातल्या दलालाकडे विकायला उभी आहे. हिची बस नेमकी तिथूनच जाते. रोज खिडकीतून ती तिच्याकडे बघते आणि घरी आल्यावर माझ्याकडे.

मला राग कशाचा आला आहे ते सांगतो. गाडी जुनी आहे हे मला माहीत होतं. मागचा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, हेही चालवून घेतलं असतं. (परवा मीच आत अडकलो आणि शेजारच्या आजोबांना हाका मारत बसलो, त्यांना ऐकू कमी येतं.) पण गाडी दाखवताना तुम्ही काय केलंत? ती तुमच्या दारातल्या उतारावर तोंड खाली करून उभी होती. तुम्ही हँडब्रेक सोडलात, ती घरंगळली, मग गिअर टाकलात आणि इंजिन गुरगुरलं. वर मलाच शिकवलंत, “अशी हळूच उठवली की इंजिनाचं आयुष्य वाढतं. मुलीसारखी जपलीय हो!” आणि मी, शाळेत वर्षानुवर्षं ‘उतार आणि गती’ हा धडा शिकवणारा विज्ञानाचा मास्तर, नंदीबैलासारखी मान डोलावली! अहो, जनाची नाही, निदान मनाची तरी!

आमची गल्ली ताटासारखी सपाट आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर आतून नुसता घर्रर्र आवाज. मेकॅनिकने नवा स्टार्टर बसवून पाहिला, तोही नुसताच फिरला. आतल्या चक्राचे दातच झिजलेत म्हणे, आणि ते चक्र आता कुठे मिळत नाही. ढकलली की मात्र चालू होते. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी हौसेने धक्का मारला, दुसऱ्या दिवशी भिडेखातर. आता माझ्या चपलांचा आवाज आला की गल्लीतली दारं धडाधड बंद होतात. शाळेत तर सपाट मैदानावर इंजिन चालू ठेवूनच वर्गावर गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी धुराबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, तुम्ही मला गंडवलंत. यापुढे तुमच्या घराची पायरी चढणार नाही.

आपला (नाइलाजाने),
साडू

ता. क. : रविवारी गाडी बघायला एक गिऱ्हाईक येतंय. ही खपली की त्या पैशांत हिची लाल गाडी परत आणीन. त्यांना मी तुमच्या घरचा पत्ता दिला आहे. शनिवारी गाडी आणून तुमच्या उतारावर तोंड खाली करून लावतो. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून ते ‘मुलीसारखी’वालं वाक्य म्हणायचं. तुमच्या तोंडी ते फार खरं वाटतं.

ता. क. दुसरा : ही फसवणूक नव्हे का, असं मला विचारू नका. तुम्ही तर मुळीच विचारू नका.

ता. क. तिसरा : पत्र टेबलावर राहिलं आणि हिने वाचलं. लगेच गिऱ्हाइकाला फोन लावून उतार, दात, मागचा दरवाजा, सगळं सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता, मी भिंतीला टेकून ऐकत होतो. म्हटलं, गेली लाल गाडी. तर ते गृहस्थ हसले. त्यांचं घर टेकडीवर आहे, तुमच्यापेक्षाही उंच. गाडी घेताहेत. ही उद्याच दलालाकडे निघाली आहे. तेव्हा रविवारी तुमचा उतार नको. फक्त ताईंना हिला एक फोन करायला सांगा. त्या परक्या माणसाशी ही अर्धा तास हसून बोलली. माझ्याशी अजून नाही.