नहरीचं वारं आणि माझी मेमरी

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
२३ मे

आदरणीय मोतीरामदाजी,

राजकुमारचा सप्रेम जय भीम. तुमचे गुडघे आणि लॉजचा बोअर, दोन्ही चालू असतील अशी आशा करतो. भामाअक्काला सांगा की लोणचं पोचलं (बरणी वाटेत फुटली होती, ते नका सांगू). आम्ही इथं मजेत आहोत. म्हणजे सुलेखा मजेत आहे. माझं काय चाललंय ते फोनवरच सांगितलं असतं, पण फोन करताना सुलेखा शेजारी असते, आणि यातलं निम्मं जरी तिला कळलं तरी ती मला दुकानात एकटं बसू देणार नाही.

सुरुवात तुमच्या कन्येपासून झाली. दिवाळीत श्रेया आमच्याकडं आली होती तेव्हा तिनं माझ्या दुकानातल्या कंप्युटरची मेमरी कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा बरीच जोरात पळवून दिली. (नवा पार्ट एकही न घालता! मला तर हे गाढवाला घोडा म्हणून उभं करण्यासारखं वाटलं होतं, पण पळत होता खरा.) ज्या लग्नाच्या फिल्मला पूर्वी तास लागायचा ती एकेचाळीस मिनिटांत तयार होऊ लागली. थंडीभर मी गल्लीत छाती काढून फिरलो. एप्रिल उजाडला आणि घोडा बसला. फिल्म दोन तृतीयांश व्हायची आणि कंप्युटर बंद. एकदा तर पडेगावच्या एका नवरदेवाच्या तोंडावर जांभळे पट्टे उमटले, आणि मी न बघता तसंच पाठवून दिलं. त्या लोकांनी काय म्हटलं ते इथं लिहीत नाही, अक्का पत्र वाचते.

श्रेयाला फोन केला तर म्हणाली, मामा, मेमरी पन्नास डिग्रीच्या वर गेली की चुका करायला लागते, तिच्यावर एक छोटा पंखा लावा. लावला. एकोणसाठवरून सत्तेचाळीसवर आली, चुका शून्य. शहाण्या माणसानं इथंच थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात आलं की पंख्यानं एवढं होतं, तर खरोखरच्या गार हवेनं काय होईल! आणि गार हवा माझ्या घरातच होती. दुकानाच्या मागच्या खोलीत एक फरशी कायम हलायची, ती उचलली की खाली दगडी भोक. जुन्या काळी जमिनीखालून शहरात पाणी आणणारी जी नहर आहे, तिचा हा वारा घ्यायचा झरोका. पाणी कधीच आटलंय, पण मे महिन्यातही त्यातून फ्रिज उघडल्यासारखं वारं येतं. मी त्यात पीव्हीसीचा पाइप सोडला, तोंडाशी पंखा बसवला आणि दुसरं टोक थेट मेमरीवर. तापमान चौतीस! चौतीस, दाजी, बाहेर त्रेचाळीस असताना.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला पाइप बोलला.

त्या वेळेला आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. शटरं अर्धी खाली, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली झोपलेली. मी एकटाच. आणि पाइपातून, अगदी कानाशी बोलावं तसा, एका बाईचा आवाज आला: "जेवला का रं?"

मी दचकायच्या आधी उत्तर देऊन बसलो. "नाय अजून." मग दचकलो. बराच वेळ नुसतं वारं. मग पुन्हा, जरा रागानं: "मग जेव की."

जेवलो. तुम्ही हसाल, पण त्या क्षणी दुसरं काही करायची हिंमत माझ्यात नव्हती. डबा चाटूनपुसून संपवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच. तिसऱ्या दिवशी मी दीडच्या आतच जेवून तयार राहिलो. (वीस वर्षं वेळेवर जेवा म्हणून कानीकपाळी ओरडणारी सुलेखा रिकामा डबा बघून संशयानं माझ्याकडं बघायला लागली.) कधी ती बाई नुसता उसासा टाकायची. कधी कुठल्या तरी शेताची, कुठल्या तरी बैलाची गोष्ट सांगायची आणि मधेच थांबायची, जणू मी हुंकार द्यावा म्हणून. मी द्यायचो. अंगावर काटा यायचा, आणि मी हुंकार द्यायचो.

गेल्या महिन्याच्या शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "आज येते मी तिकडं."

मी पंखा बंद केला. पाइपात एकदम शांत झालं, आणि त्या शांततेतून आवाज आणखीच जवळ आला: "बंद का झाला? थांब. आलेच." मी पाइप उपटला, भोकावर फरशी सरकवली, फरशीवर जुना यूपीएस ठेवला आणि यूपीएसवर स्वतः बसलो. बसल्या बसल्या जय भीम, जय भीम म्हणत होतो. तेवढ्यात बुडाखालून, दगडातून, बारीक पण साफ ऐकू आलं: "भंगार, रद्दी, जुना कूलर, मोडका पंखा!"

भंगारवाल्याचा भोंगा. दोनेक मिनिटांनी तोच भोंगा माझ्या दारावरून गेला. म्हणजे ती बाई होती तिथून तो नुकताच आला होता. म्हणजे ती बाई मेलेली नव्हती, इथंच कुठं तरी राहणारी होती! मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू, पण ते जेमतेम एक श्वासभर. कारण मग लक्षात आलं, की जिवंत बाई नहरीत तोंड घालून म्हणतेय, आलेच.

चप्पल न घालता पळालो. भंगारवाल्याला धरून आधी कुठल्या गल्लीत होता ते विचारलं. तिसरी गल्ली, निळं दार, दार उघडं. अंगणात नहरीच्या दुसऱ्या झरोक्याचं दगडी कडं, त्यावरचं झाकण बाजूला सारलेलं, आणि कड्यावर एक म्हातारी दोन्ही पाय आत सोडून बसलेली. मी मागून कंबरेला मिठी मारली आणि आम्ही दोघं अंगणात आडवे झालो.

"कोण रं तू?"

"मीच तो," मी म्हणालो. "आतला."

सरूबाई नाव. नवरा दिवाळीत गेला. एप्रिलपासून रोज दुपारी नहरीतून घूं घूं आवाज यायला लागला (तो माझा पंखा), आणि ही झाकण सारून त्याच्याशी बोलायला लागली. मी धापा टाकत सगळं सांगितलं, हात जोडले, म्हटलं, मावशी, तुमचे मालक नाहीत ते, माझा कंप्युटर आहे.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत एवढं सलग कधी बोलले नाहीत ते."

"मग उतरत कशाला होता?"

"उतरत नव्हते. पाय सोडले की गार वाटतं."

शेजाऱ्यांकडून लेकीचा नंबर घेऊन फोन केला. लेक, तनुजा, तुमच्या फर्दापूरचीच निघाली. दोन दिवसांत येऊन आईला घेऊन गेली. जाताना सरूबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, जेवत जा.

तर श्रेयाला माझा निष्कर्ष सांगा. सत्तेचाळीस डिग्रीला फिल्म एकेचाळीस मिनिटांत होत होती आणि चौतीसलाही एकेचाळीसच मिनिटांत. गारव्यानं मेमरी जोरात पळत नाही, फक्त पळताना चुकत नाही, आणि एका मर्यादेखाली कितीही गार केलं तरी काही फरक पडत नाही. नहरीच्या दमट वाऱ्यानं मेमरीच्या पट्टीवर पाण्याचे थेंब मात्र जमले. पाइप काढून टाकलाय, भोक सिमेंटनं बुजवलंय. अक्काला जय भीम.

तुमचा मेहुणा,
राजकुमार

ता.क. पाइप काढलेला नाही, त्या दिवशी उपटलेला पुन्हा बसवला. सिमेंटची गोणी तशीच दारात आहे.

ता.क. हे पत्र फर्दापूरच्या जीपवाल्याच्या हाती मुद्दाम देतोय, आजच मिळेल. मिळाल्याबरोबर गुडघ्यांचं न बघता तनुजाच्या घरी जा. बसस्टँडमागं, पिठाच्या गिरणीला लागून आहे. सरूबाईला स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मला कळवा. तनुजाचा फोन मंगळवारपासून बंद लागतोय. निळ्या दाराला कुलूप आहे, अंगणातलं झाकण जागेवर आहे, मी भिंतीवरून दोनदा बघून आलो. पण मंगळवारपासून दीड वाजता पाइप पुन्हा बोलतो, तिच्याच आवाजात. जेवला का, असं आता विचारत नाही. म्हणतो, लई गार हाय रं इथं. म्हणून मी पंखा बंद केलाय. मेमरी पुन्हा चुकायला लागलीय. चुकू द्या.