खांदा आणि अबोलीची ओढणी

१२ जानेवारी १९९७, रविवार
आज अबोलीने स्वतःची ओढणी माझ्या गळ्यात बांधली आणि माझं आयुष्य बदललं.
कारण किरकोळ. मॅचमध्ये आशुतोषने मला खोटं आऊट दिलं. मी ठोसा मारला, तो वाकला, माझा हात हवेत गेला आणि खांद्यातून निखळला. पोरं हसली. एकेकाला बघतो. तळमजल्यावरची अबोली मात्र धावत आली, ओढणीची झोळी करून हात त्यात ठेवला. म्हणाली, "स्वानंद, अजिबात हलू नकोस." असं कुणी उगाच म्हणतं?
डॉक्टरांनी एक्स-रे काढून खांदा बसवला. मी ओरडलो नाही. बाबा म्हणतात, ओरडलो.

१४ जानेवारी
डॉक्टरांनी दिलेला पट्टा कपाटात टाकला. ओढणीच बरी. अबोली तिळगूळ द्यायला आली. "ओढणी?" एवढंच म्हणाली. किती काळजी!

३ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, झोळी आता बंद. पुढे वाकून हात झुलवा, भिंतीवर बोटांनी चढवत न्या, नाहीतर सांधा आखडेल. घाई कशाला? अर्धवट बरा होणारा माणूस मी नाही. (कॉलेज वेगळं. ते तत्त्वासाठी अर्धवट सोडलं.)

११ फेब्रुवारी
अबोलीने पुन्हा ओढणी मागितली. ड्रेसचा सेट आहे म्हणे. मुली सरळ बोलत नाहीत. आई म्हणाली, "दे की मेल्या, पोरीचा ड्रेस पडून राहिलाय." आईला प्रेमातलं काही कळत नाही.

२६ फेब्रुवारी
शर्ट घालताना हात वर जाईना. डॉक्टरांनी स्वतः उचलून पाहिला, तरी जाईना. म्हणाले, नुसता स्नायू फाटला असता तर मी उचलल्यावर वर गेला असता, हा सांधाच आखडलाय. शेक, व्यायाम, काही महिने. मी म्हटलं, मन ऐकत नव्हतं. ते म्हणाले, "मनाचे डॉक्टर वाशीला."

२ मार्च, सकाळी
अबोलीला बघायला आज उरणचा मुलगा येतोय. पाचला. त्याआधी मी जाणार. सगळ्यांसमोर सांगणार. कुणी आवाज चढवलाच, तर डावा हात शाबूत आहे.

२ मार्च, संध्याकाळी
गेलो. अबोलीच्या आईने, वैजयंतीकाकूंनी दार उघडलं. "आणलीस बाबा एकदाची! अबोली, आली गं ओढणी!"
अबोली आली. तोच ड्रेस, वर आईची शाल. मी पाठ केलेलं वाक्य सुरू करणार, तोच म्हणाली, "दे ना लवकर." गाठ मानेमागे. उजवा हात पोचेना, डाव्याने सुटेना. "थांब," म्हणत तिने मागून गाठ सोडली. इतक्या जवळ ती त्या दिवसानंतर आजच आली. तिची नजर दाराकडे.
"ई! बामचा वास!"
काकू म्हणाल्या, "पावडर मार थोडी."
ओढणी नीट करून तिने मलाच विचारलं, "खरं सांग, बरी दिसतेय ना?"
दिसत होती. हो म्हटलं.
काकू म्हणाल्या, "बस रे, पोहे झालेत." मी म्हटलं, नको, व्यायाम राहिलाय. बाहेर आलो आणि त्यांचं दार ओढून घेतलं.