खरवसाची खुशाली

शनिवार पेठ, पुणे
१० डिसेंबर १९८४

चि. मैना,

दादाचा आशीर्वाद. आईला शेजारी बसवून वाच.

खडकीच्या कारखान्यातली नोकरी बरी आहे. एम.एस्सी. झालेला म्हणून सगळे ‘अहो’ म्हणतात. कॅन्टीनमध्ये गरम जेवण मिळतं, आमटीला चव नाही एवढंच. वजन वाढलंय, असं तिला सांग.

पुढचं मात्र मनातल्या मनात वाच.

काल रविवार. पाय आपोआप स्वारगेटला गेले. आपल्या गावची एसटी नुकतीच लागली होती. ड्रायव्हर गेनबातात्या म्हणाले, “काय रं संपत, कुणाचा डबा न्यायला आलास? सायेब झालास न्हवं आता!” हसलो आणि परत फिरलो.

कॉलेजची पाच वर्षं आईचा डबा त्याच गाडीनं आला. तिला लिहिता येत नाही, पण डब्यातून सगळं कळायचं. खरवस आला की म्हैस व्याली. ठेचा झणझणीत आला की बाबांशी वाजलेलं. शेवटच्या वर्षी भाकऱ्या जाड यायला लागल्या, तेव्हा ओळखलं, तिचे हात दुखतात. म्हणून तर नोकरी लागताच डबा बंद करायला लावला. त्याबरोबर तिची पत्रंही बंद होतील, हे कुठं सुचलं!

हात कसे आहेत तिचे? खरं लिही.

रोज नको, पण एखाद्या रविवारी डबा येऊ दे. भाकरी तू थाप, भरू दे मात्र तिला. आणि म्हैस व्याली का, ते तू लिहू नकोस. आईलाच कळवू दे.

तुझा,
संपतदादा