सुनेत्राची जिरेपर्यंत ल्युटिन

३ फेब्रुवारी

आज मला कढईवरून उठवलं.

लालबागच्या ह्या मसाला कांडपावर इतकी वर्षं मिरची मी भाजली. गिरगावातून, दादरातून बायका वर्षाचा मसाला करायला येतात, त्या काय मशीन बघून येत नाहीत. नलूच्या हाताची भाजणी म्हणून येतात. आणि मालक रमाकांतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, नलूताई, यंदा तुम्ही मिरचीचे देठ काढायला बसा, कढई सुनेत्राला द्या.

देठ! देठ काढायला नवीन आलेल्या पोरी बसतात.

कारण काय, तर गेल्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाची मिरची काळी पडली, मसाला कडू झाला. ट्यूबलाइट फडफडत होती. शिवाय मिरची मुळातच काळी असेल.

आणि सुनेत्रा कोण? माझी धाकटी जाऊ. भिंतीपलीकडच्या खोलीत राहते. झारा कसा धरायचा ते तिला मी शिकवलं. तीच मला म्हणते, वैनी, बसा हो जरा आरामात, पंख्याखाली जागा आहे.

ठरलं. पाडव्याच्या आत मी कढईवर आणि सुनेत्रा देठांवर. तिची जिरवल्याशिवाय गोड खाणार नाही.

४ फेब्रुवारी

शिरा खाल्ला. तो नूपुरने केला होता, त्यामुळे धरायचा नाही.

६ फेब्रुवारी

नूपुरने ओढत मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नूपुर माझी पोटची मुलगी, परळला काचेच्या ऑफिसात कामाला, पण आतून सुनेत्राकाकीची चमची.

डोळ्यांची डॉक्टरीण म्हणजे नूपुरएवढीच पोर. मृणालिनी नाव. तिने डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि गप्प बसायला सांगितलं. मला गप्प बसायला सांगतात ते मला आवडत नाही, पण बसले. बाजूच्या म्हातारीची पट्टी ओलीचिंब. माझी कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, पास ना? डॉक्टरीण म्हणाली, मावशी, ओली व्हायला हवी होती.

हा कुठला न्याय? कढईवर धूर उठला की अख्खं कांडप खोकतं, रडतं, रस्त्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून पळतात. माझ्या डोळ्यातून टिपूस येत नाही. त्यावर मी नाव कमावलं. ही म्हणते, तोच आजार.

ऑटोइम्यून म्हणे. अंगातली फौज शत्रू सोडून आपल्याच माणसांवर चालून येते. डोळ्यातलं पाणी आटतं, तोंडातली लाळ आटते, सांधे दुखतात. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे फौज असती तर मी ती सुनेत्रावर सोडली असती, स्वतःवर कशाला सोडू? नूपुरने टेबलाखालून मला चिमटा काढला.

थेंब दिले. दिवसभर घालत राहायचे. रक्त काढून घेतलं. वर म्हणाली, मिरचीच्या धुरापासून लांब राहा. हे तिला कुणी शिकवलं? सुनेत्राची कुणी लागत असणार. आडनाव बघायचं राहिलं.

९ फेब्रुवारी

देव आहे. तळमजल्यावरचे हेमचंद्रराव भेटले. रिटायर झाल्यापासून बॅग घेऊन फिरतात आणि औषधाच्या कॅप्सूल विकतात. सगळं ऐकून घेतलं. थेंब बघून हसले. म्हणाले, नलूबाई, ही वरवरची मलमपट्टी, तुम्हाला पाहिजे ल्युटिन. नजर गरुडासारखी. आणि अंगातली फौज आहे ना, तिला शिस्त लागते. सांधे, थायरॉइड, डोळे, सगळं एका कॅप्सूलमध्ये. झेंडूच्या फुलापासून काढतात.

झेंडू म्हणजे देवाचं फूल. ह्यात खोटं काय असणार?

बाटली घेतली. थेंब देव्हाऱ्यामागे ठेवले.

१० फेब्रुवारी

पहिली कॅप्सूल. लगेच फरक. समोरच्या दुकानाची पाटी वाचली. ते दुकान कशाचं आहे ते मला माहीत होतं, पण तरी वाचली.

सुनेत्रा दिवसभर कढईवर डोळे पुसत होती. कच्ची आहे. बघून बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

डोळ्यात वाळू. पण ही चांगली वाळू आहे. हेमचंद्रराव म्हणाले, आतली घाण वर येतेय.

१९ फेब्रुवारी

आज मोठा दिवस. सुनेत्राला भर बाजारात धरली. साडीच्या दुकानाबाहेर नवी लाल साडी नेसून उभी होती. नवी साडी! माझी कढई घेतल्यावर नव्या साड्या येणारच. मी बोल बोल बोलले. म्हटलं, माझ्याकडून शिकलीस आणि माझ्याच जागेवर बसलीस? तुझ्या लग्नात तुझ्या आईने दिलेले टोपसुद्धा गळके होते, म्हटलं. एक शब्द उलटा नाही. मान ताठ, पण एक शब्द नाही. लोक जमले. शेवटी मीच तिला सोडून दिली.

मन शांत झालं. ल्युटिनने आवाजालाही जोर येतो.

२० फेब्रुवारी

कुणीतरी नूपुरला सांगितलं की तुझी आई दुकानाबाहेरच्या बाहुलीशी भांडत होती. लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. काल सुनेत्रा माहेरी करी रोडला होती म्हणे. असेल. पण बोललेलं फुकट जात नाही, कुठून तरी तिच्यापर्यंत पोचतंच.

पोचलं. संध्याकाळी भिंतीपलीकडून ओरडली, वैनी, टोपांचं राहू द्या, बाहुलीला चहा तरी विचारलात का?

हिला सोडणार नाही.

२ मार्च

पुन्हा हॉस्पिटल. रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणते, आजार आहेच. मी बाटली तिच्या टेबलावर आपटली. म्हटलं, हे घेते मी, थेंब नाही. तिने चष्मा वर करून वाचलं. म्हणाली, मावशी, ल्युटिन डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी, वय झालेल्या काही पेशंटना आम्हीही देतो. पण तुमचं दुखणं पडद्याचं नाही, पाण्याचं आहे. ह्याने पाणी येणार नाही आणि फौजही माघारी जाणार नाही. थेंब घाला, नाहीतर बुबुळाला जखम होईल. गोळ्याही सुरू करू.

नूपुर रडली. तिला पट्टी लावली असती तर भिजली असती. काय उपयोग?

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

११ मार्च

बाटली संपली. हेमचंद्रराव मुलाकडे पुण्याला गेले, फोन उचलत नाहीत. सज्जन माणूस, कामात असेल.

देठ काढताना आज माझ्या ढिगातून रमाकांतभाऊंनी मूठभर देठ उचलून दाखवले. नलूताई, हे काय? म्हटलं, तुमचा चष्मा बदला.

त्यांना चष्मा नाही. पण लागेल.

१९ मार्च, पाडवा

आज मी कढईवर असायला हवी होते. नाही. पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॅप्सूल जर झेंडूची, तर मधल्या माणसाची गरज काय? दादरच्या फुलबाजारात आज झेंडूचे डोंगर. नूपुरला म्हटलं, तोरणाला आणते. पिशव्या भरून आणला. नूपुर म्हणाली, आई, दार केवढं, तोरण केवढं?

गच्चीवर चादर टाकून फुलं वाळत घातली. बाजूला माझी वर्षाची मिरची वाळतेय, बेडगी आणि संकेश्वरी, निवडून आणलेली. दोन्ही छान दिसतात. दोन्ही सारखीच दिसतात, पण मला माहीत आहे कुठलं काय.

नवी तारीख, अक्षय्य तृतीया. त्या दिवशी सुनेत्रा देठांवर.

२५ मार्च

झेंडू हाताने चुरून चमचाभर दुधातून घेतला. गिळेना. तोंडात लाळच नाही तर गिळणार कसं? टाळूला चिकटला. पाणी प्यायले, तरी चिकटला. कडू म्हणजे काय कडू!

कडू आहे म्हणजे गुण येणार.

२६ मार्च

सगळं बाहेर आलं. झेंडू बंद. उरलेल्या फुलांची पिशवी ठेवली आहे. देवाची वस्तू, टाकवत नाही.

३० मार्च

माझी मिरची चोरली!

गच्चीवर गेले तर चादर रिकामी. एक मिरची नाही. आधी वाटलं दिसत नाही. हाताने चाचपून बघितलं. नाही म्हणजे नाही. गच्चीची चावी कुणाकडे? माझ्याकडे आणि सुनेत्राकडे. आता मला साक्षीदार नको, पोलीस नको.

कढई नेली, मुलगी नेली, आता मिरची. आता बास.

नूपुरला विचारलं. ती म्हणाली, कुठे जाणार आई, मिळेल. आणि हसली. हसली!

१ एप्रिल

झालं. केलं एकदाचं.

कांडपाचा नियम सगळ्यांना माहीत. प्रत्येक घराची मिरची वेगळ्या फडक्यात बांधलेली. आपलं गाठोडं कांडून डब्यात पडेपर्यंत घरची बाई समोर बसून राखण करते, दुसऱ्याच्या मिरचीचा कणसुद्धा मिसळू देत नाही. जेवणाच्या सुट्टीत सुनेत्राच्या कढईजवळ एकच गाठोडं होतं. भाजून तयार. हिरवं फडकं, सुनेत्राच्या जुन्या साडीचं, मला लांबूनही ओळखू आलं. राखायला कुणी नाही. वर कागदाची चिठ्ठी टोचलेली, अक्षर बारीक. तिचं लाडकं गिऱ्हाईक असणार, म्हणून स्वतःच्या साडीत बांधलंय. चिठ्ठी वाचून काय करायचंय?

पिशवीतला झेंडू सगळा आत ओतला. देठासकट, हिरव्या बुंध्यासकट. हलवला. गाठ मारली.

हे पाप नाही. विष थोडंच घातलं? औषधच घातलं. गिऱ्हाइकाचे डोळे सुधारतील, फक्त मसाला कडू लागेल. आणि कडू मसाल्याची शिक्षा काय असते ते मला माहीत आहे.

संध्याकाळी शिरा केला. पोटभर खाल्ला.

२ एप्रिल

सकाळी सुनेत्रा दारात. हातात मोठा डबा. मागे नूपुर, तोंडभर हसत. सुनेत्रा म्हणाली, वैनी, तुमचा वर्षाचा मसाला. तुमच्या डोळ्यांना धूर नको म्हणून मीच गच्चीवरून मिरची नेली आणि भाजली. नूपुर म्हणाली, सरप्राइज द्यायचं होतं, म्हणून बोललो नाही.

मी डबा घेतला. झाकण उघडलं नाही. ते सांध्यांमुळे.

दुपारी नूपुरने त्या मसाल्याची आमटी केली. पहिल्या घासाला उठली आणि मोरीत गेली. मग सुनेत्राला हाक मारली. सुनेत्राने बोटावर घेऊन चाखलं, उजेडात धरलं, डब्यात नाक खुपसलं. मग माझ्याकडे बघत राहिली. मी पंख्याकडे बघत राहिले.

म्हणाली, काय हो वैनी, ह्यात झेंडू कुठून आला? वरून देवाने टाकला?

मी म्हटलं, तुझ्या साडीला चिकटलेला असेल.

४ एप्रिल

बातमी कांडपावर फुटली. माझ्या तोंडून नाही. मी फक्त दोन-तीन बायकांना सांगितलं की सुनेत्राच्या हातचा मसाला कडू निघाला. रमाकांतभाऊंनी घरी येऊन चाखला. तोंड वाकडं केलं. सुनेत्राला म्हणाले, तुलाही जमेना म्हणजे झालं. ती खरं सांगेल म्हणून मी वाट बघत होते. उत्तरं तयार ठेवली होती. ती गप्प.

तिला कढईवरून उठवली. जिरली!

आता मला बोलावणार.

६ एप्रिल

अजून बोलावलं नाही. नवा एप्रन धुऊन ठेवला. एप्रन जुनाच आहे, पण धुतला.

२० एप्रिल, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी

बोलावलं. गेले. तर कढईच नाही. कढईच्या जागी एक पिंप उभं आहे, बटण दाबलं की गोल फिरतं. मिरची भाजायचं मशीन. रमाकांतभाऊ गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत होते, आता काळं पडायचं नाव नको, कडू निघायचं नाव नको, दोन जावांनी शहाणं केलं मला. मशीनला डोळे नाहीत आणि तरी मिरचीचा रंग चुकत नाही म्हणे. कढई भंगारात दिली.

मला विचारलं, नलूताई, देठांवर बसताय ना? बाजूला सुनेत्रा बसलीय, गप्पा होतील.

बसले. सुनेत्रा देठांवर. मी लिहिलं होतं तसंच झालं. मी पण तिथेच, हे लिहिलेलं नव्हतं.

विचारलं तिला, त्या दिवशी भाऊंना का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्हाला हाकललं असतं, मग मी भांडायचं कुणाशी, बाहुलीशी? आणि खा आता तो मसाला वर्षभर, टाकायचा नाही. मी रोज येऊन चव बघणार.

५ मे

आमटी कडू. भाजी कडू. नूपुर ऑफिसात जेवते.

थेंब घालते. गोळ्याही घेते. थेंब सुनेत्रा येऊन घालते, कारण माझा नेम चुकतो. हात जड आहे तिचा. मुद्दाम जोरात पिळते. ह्याचा वचपा काढणार.

आज देठ काढताना माझा ढीग झटपट झाला. सुनेत्राचा अर्धासुद्धा नाही. रमाकांतभाऊ येऊन माझा ढीग चाळून गेले, एक देठ मिळाला नाही. मी सुनेत्राला म्हटलं, बघ, नजर कशी परत आली. ती हो म्हणाली. मग बाजूची पोर फिसकन हसली आणि म्हणाली, मावशी, काकी सकाळपासून तुमच्या ढिगातले देठ काढतायत, म्हणून त्यांचं मागे राहिलंय.

मी म्हटलं, मला काय दिसत नाही होय?

नव्हतं दिसलं.